पुढचा ब्रेक दाबला की हँडल थरथरतंय? डिस्क बदलायच्या आधी एवढं तपासून घ्या

६०-७० च्या स्पीडला पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल थरथरायला लागलं, किंवा लिव्हर बोटांखाली धक धक करत आत-बाहेर व्हायला लागला की गाडी गॅरेजला जाते आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत निकाल लागतो, डिस्क बेंड झालीये, बदलून टाका. कधी ते खरंच असतं. पण बऱ्याच गाड्यांमध्ये डिस्क बदलून खिशाला कात्री लागते आणि दोन-तीन महिन्यांनी तीच थरथर परत हजर, कारण मूळ दुखणं कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्या बेरिंगवर फिरतं त्यात होतं, नाहीतर कॅलिपरची (दोन पॅडमध्ये डिस्क दाबून धरणारा भाग) पिन जाम होती, नाहीतर हबवर (चाकाचा मधला भाग) गंज बसला होता आणि त्या गंजावरच नवी डिस्क कसली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणून खाली जो क्रम देतोय त्यात फुकटातल्या टेस्ट आधी, पाना-पक्कड नंतर आणि पैसे सगळ्यात शेवटी.

मी आपल्याकडची नेहमीची गाडी धरून चाललोय, १२५ ते ३५० सीसी, पल्सर, अपाचे, युनिकॉर्न, एफझेड, क्लासिक असल्या, पुढे एकच डिस्क आणि सरकणारा कॅलिपर, म्हणजे पिस्टन एकाच बाजूला आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर डावी-उजवीकडे हलणारा. दोन डिस्कची मोठी गाडी असेल तरी तत्त्व तेच, फक्त प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. ड्रमवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

आधी रस्त्यावर

सकाळी लवकर, कोरडा, सपाट, मोकळा रस्ता बघा आणि निघायच्या आधी टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे करून घ्या, हवा कमी असली तर पुढचं सगळं फसतं. मग तीन वेगवेगळ्या फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीत ६०-७० ला जाऊन थ्रॉटल सोडा, क्लच दाबा आणि ब्रेक अजिबात न लावता गाडी आपोआप हळू होऊ द्या. हात हँडलवरच ठेवायचे, फक्त पकड सैल, हात सोडून बघायचा प्रयोग करू नका. ब्रेक न लावताच थरथर आली तर ती ब्रेकची नाहीच, टायर, रिम, बॅलन्सिंग किंवा बेरिंगकडे वळा. दुसऱ्या फेरीत तोच स्पीड आणि फक्त मागचा ब्रेक. मागचा ब्रेक लावूनसुद्धा हँडल हलत असेल तर पुढच्या डिस्कचा त्यात काय संबंध, वजन पुढे आलं की ढिला कोनसेट किंवा घासलेला शॉकअप (पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन पाय) बोलायला लागतो, तेच असण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या फेरीत फक्त पुढचा ब्रेक, दोन बोटांनी, आधी हलका आणि मग मध्यम, गाडी थांबेपर्यंत सारख्या दाबाने.

आता या तिसऱ्या फेरीत दोन गोष्टींकडे लक्ष द्यायचंय आणि माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं. पहिली, थरथर नेमकी कुठे जाणवते. लिव्हरमध्ये बोटांना ठोके जाणवत असतील तर डिस्क पिस्टनला मागे ढकलतेय, म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा डिस्क डुगडुगत फिरतेय आणि कॅलिपर तिच्याबरोबर सरकत नाहीये. लिव्हर शांत आहे पण हँडल आणि शॉकअप हलतायत तर कोनसेट, शॉकअपचे बुश (आतल्या सरकत्या नळीला आधार देणाऱ्या बांगड्या), एक्सल (चाकाचा दांडा), बेरिंग, टायर यांच्याकडे संशय जातो. हे काही शंभर टक्के वेगळं होत नाही, कारण डिस्कचा दोष मोठा असेल तर दोन्ही एकदमच हलतं, पण सुरुवातीला हा फरक खूप कामाला येतो.

दुसरी गोष्ट ठोक्यांची लय. १७ इंची चाकाचा घेर टायर धरून साधारण १.९ मीटर पडतो, म्हणजे ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला जवळपास ९ वेळा फिरतं, ३० ला साडेचार वेळा आणि १० ला फक्त दीड वेळा. डिस्कचा दोष चाकाबरोबरच फिरतो, त्यामुळे गाडी हळू होत जाईल तशी थरथर पण हळू होत जाते आणि अगदी शेवटी थांबताना तर ठोके मोजता येतात, टक... टक... टक. याउलट स्पीड कमी होऊनही थरथर त्याच वेगाने चालू आहे, किंवा ब्रेक लावताक्षणी एकच खट्ट असा झटका येतो आणि मग काही नाही, तर तो दोष चाकाबरोबर फिरणारा नाही. एखादी गोष्ट कुठेतरी ढिली आहे.

लय रस्त्यावर नीट कळली नाही तर घरी गाडी न्यूट्रलला टाकून, इंजिन बंद ठेवून, लिव्हर अगदी हलका दाबून धरायचा आणि गाडी हाताने सावकाश ढकलायची. चाक एका ठिकाणी अडतंय, मग सुटतंय, परत त्याच ठिकाणी अडतंय असं वाटलं तर टायरवर खडूने खूण करा आणि दोन-तीन फेऱ्या बघा. प्रत्येक वेळी खूण त्याच जागी आली की गाडी थांबतेय म्हटल्यावर डिस्कचा दोष पक्का समजा. या टेस्टला एक रुपयाही लागत नाही आणि तरी फार कमी लोक ती करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

एबीएसबद्दल, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेबद्दल, एक गोष्ट मध्येच सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आता बऱ्याच जणांच्या गाडीत ते आहे, आणि जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडी-वाळूवर लिव्हरमध्ये जी करकर जाणवते ती एबीएसचं काम चालू असल्याची आहे, दोष नाही. पण कोरड्या डांबरावर अगदी हलका ब्रेक लावून थांबताना शेवटी लिव्हर असा मागे मारत असेल तर चाकाजवळचा सेन्सर आणि डिस्कच्या आतल्या बाजूला असलेली दातेरी रिंग बघा. तिथे चिखल, लोखंडाचा कीस चिकटलेला असतो किंवा पंक्चर काढताना रिंगचा एखादा दात वाकलेला असतो. मीटरवरचा एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावरही जळत राहिला तर मात्र घरी खटपट न करता सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घ्या.

कोनसेट, बेरिंग आणि नटबोल्ट

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली जॅक किंवा लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत आणा, मागे कुणीतरी गाडी धरून उभं राहिलेलं बरं. आता चाकासमोर उकिडवे बसून दोन्ही शॉकअप खालून, एक्सलजवळ धरा आणि स्वतःकडे ओढा, मागे ढकला. वरती हँडलच्या मानेत खट् खट् असा खेळ जाणवला तर कोनसेट ढिला आहे. खेळ नेमका कुठे आहे हे ठरवायला दुसऱ्या माणसाला खालच्या टी (दोन्ही शॉकअप धरणारी खालची पट्टी) आणि फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा, तिथे हालचाल लागली तर कोनसेट, आणि तिथे काही नाही पण शॉकअपची खालची नळी वरच्या रॉडवर डुगडुगतेय असं ऑइल सीलजवळ लागलं तर शॉकअपचे बुश गेलेत. दोन्ही दोष रस्त्यावर अगदी सारखे वाटतात, बोट ठेवूनच फरक कळतो.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश, एका बोटाने फिरवा. मधोमध, म्हणजे चाक सरळ असताना, खाच लागल्यासारखं अडकत असेल तर आतल्या वाट्यांमध्ये छर्ऱ्यांचे खड्डे पडलेत. असा कोनसेट नुसता कसून उपयोग नाही, कसला तर हँडल जड होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी डुलायला लागते, तो बदलायलाच लागतो. नुसता ढिला असेल, खाच नसेल, तर कसून आणि ग्रीस भरून काम भागतं. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि रंगवलेले न रंगवलेले स्पीड ब्रेकर बघता कोनसेट हा नेहमी जाणारा पार्ट आहे, आणि त्याची थरथर डिस्कच्या नावावर खपवली जाते.

चाक हवेत आहे तोवर बेरिंग पण बघून घ्या. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवा, मग फिरवून कान लावा. खेळ किंवा घरघर असेल तर बेरिंग आधी बदलायचं, कारण बेरिंगमध्ये खेळ असताना डिस्कचं कुठलंही माप खोटं येतं. रिमचा आउट (फिरताना ते डावी-उजवीकडे किती डुलतं) बघायला शॉकअपला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक फिरवा. तारांचं चाक असेल तर आउट काढून मिळतो, अलॉय वाकलं असेल तर वेगळा विषय. टायरवर हात फिरवून बघा, पुढच्या टायरच्या नक्षीचे गठ्ठे एका दिशेने चढ-उतार झाल्यासारखे घासले असतील तर ब्रेक लावताना त्यांचीही थरथर येते.

नटबोल्टमध्ये कॅलिपरचे दोन बोल्ट, डिस्कचे बोल्ट, एक्सल नट आणि असेल तर शॉकअपच्या पायाशी एक्सल आवळणारा छोटा बोल्ट, एवढं तपासा. टॉर्क रेंच असेल तर तुमच्या मॅन्युअलमधला आकडा वापरा, माझा किंवा मित्राचा नको, गाडीगणिक तो बदलतो. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, चाक काढून बसवलं असेल तर आधी एक्सल कसायचा, मग गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खालीवर दाबायचे आणि त्याच्यानंतरच तो छोटा बोल्ट आवळायचा. आधीच आवळला तर दोन शॉकअप एकमेकांना समांतर बसत नाहीत, तिरके ओढले जातात आणि ब्रेक लावल्यावर अडकत अडकत दबतात.

आता डिस्क

सगळ्यात आधी नुसती बघा. निळसर-जांभळट झाक दिसतेय का, म्हणजे जास्त तापलीये. एका ठिकाणी पॅडच्या आकाराचा काळपट ठसा दिसतोय का. डिस्कवर पाऊस पडल्यावर जो हलका तांबूस गंज येतो त्याची काळजी नको, दोन ब्रेकमध्ये निघून जातो. पण कोकणात किंवा मुंबईत गाडी अख्खा पावसाळा एका जागी उभी राहिली असेल तर पॅडच्या खाली जो ओलावा अडकतो त्याने तेवढ्याच जागेत गंज खोल जातो, आणि मग गाडी बाहेर काढल्यापासून एका फेरीत एकदा अशी धडधड चालू होते.

तो काळपट ठसा मात्र वेगळी गोष्ट सांगतो. समजा तुम्ही कोयनेकडून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलात, पूर्ण उतार पुढचा ब्रेक थोडा थोडा धरूनच, आणि खाली येऊन चढावर किंवा सिग्नलला लिव्हर घट्ट दाबून उभे राहिलात. डिस्क प्रचंड तापलेली, पॅड तापलेला, आणि दोन्ही एकाच जागी दाबून धरलेत, तर पॅडचं मटेरियल त्या जागी डिस्कला चिकटतं. आता त्या जागेची पकड बाकीच्या डिस्कपेक्षा वेगळी झाली आणि प्रत्येक फेरीला हँडलला झटका बसणार. डिस्क बेंड झाली म्हणून बदलल्या जाणाऱ्या डिस्कांमध्ये अशा नुसत्या ठसा बसलेल्या डिस्कही बऱ्याच असतात आणि त्या साफ करून वाचतात. घाटात गाडी खालच्या गिअरला टाकून इंजिनला धरू द्यायची, ब्रेक लावायचा तेव्हा नीट लावून सोडायचा, सारखा घासत ठेवायचा नाही, आणि खाली उतरल्यावर डिस्क तापलेली असताना लिव्हर दाबून उभं राहायचं नाही. लगेच पाणी मारून धुवायचं तर अजिबात नाही.

साफ करायला ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पेट्रोलने पुसायची आपल्याकडे सवय आहे पण त्याचा तेलकट अंश मागे राहतो. चेन ल्यूब किंवा गंज काढायचा तेलाचा स्प्रे डिस्कच्या आसपाससुद्धा नको. मग १२० ते १८० नंबरचा पॉलिश पेपर घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू छोट्या छोट्या गोलाकार हालचालींनी सगळीकडे सारख्या घासा, जिथे ठसा आहे तिथेच जोर लावून खड्डा पाडू नका. पॅड काढून काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर आठ-दहा हात मारा, वरची चकाकी गेली की बस. पॅडची पूड हवेने उडवायची नाही, तोंडावर मास्क आणि ओल्या फडक्याने पुसायची. पॅडवर शॉकअपचं ऑइल किंवा ब्रेक ऑइल सांडलेलं असेल तर त्यांना घासत बसू नका, ते आत मुरतं, पॅड नवीनच घ्या आणि ऑइल सील आधी बदला.

साफ केल्यावर किंवा नवीन पॅड टाकल्यावर ते बसवून घ्यायला लागतात. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने गाडी हळू करायची, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा, मधे थोडं चालवून थंड होऊ देत. नंतर पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवा. ठसाच असेल तर इथे फरक लगेच कळतो आणि तुमचं काम संपलं.

फरक नाही पडला तर मोजायला घ्या. जाडी मोजायची ती मायक्रोमीटरने. व्हर्नियरने मोजताना फसगत होते, कारण घासलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न घासलेला काठ उभा राहतो आणि व्हर्नियरचा जबडा त्या काठावर बसतो, जाडी जास्त दाखवतो. डिस्कवर मार्करने आठ खुणा करा, कडेपासून सारख्या अंतरावर, आणि आठही ठिकाणची जाडी लिहून काढा. कमीत कमी जाडी किती चालेल ते डिस्कवरच कोरलेलं असतं, ४ मिलिमीटरच्या डिस्कला बऱ्याचदा ३.५ असते. पण थरथरीसाठी त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे आठ मापांतला फरक. ०.०२-०.०३ मिलिमीटरचा फरकही बोटांना जाणवू शकतो, डोळ्याला तो दिसणं शक्यच नाही, म्हणून नुसतं बघून डिस्क एकदम ओके आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आउट मोजायला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारं साधन, पाहिजे. जवळच्या लेथवाल्याकडे हमखास असतो, ओळख असेल तर गाडी त्याच्या दारात नेऊन मोजून मिळतं. गेजचा स्टँड लोहचुंबकाचा असतो आणि शॉकअपची खालची नळी ॲल्युमिनियमची, तिथे तो चिकटत नाही, त्यामुळे नळीला कापड गुंडाळून लोखंडी पट्टी क्लॅम्पने आवळायची आणि स्टँड तिला चिकटवायचा. गेजचं टोक पॅड घासतो त्या पट्ट्यात बाहेरच्या बाजूला ठेवा, चाक हाताने सावकाश फिरवा, भोकं आली की टोक उचलून पुढे टेकवा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वाचनातला फरक म्हणजे आउट. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आत असते, तुमच्या गाडीचा आकडा बघून घ्या. गेज नाहीच मिळाला तर शॉकअपला केबल टाय बांधून टोक डिस्कला जेमतेम टेकेल असं कापा आणि जिथे फट पडते तिथे फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) पाती घालून अंदाज घ्या. अगदी बारीक फरक यात सुटतो पण ०.३ च्या पुढचा आउट नक्की पकडला जातो.

डिस्क बेंड होते कशी हे पण लक्षात घ्या, कारण बऱ्याचदा ती ब्रेकने होतच नाही. पंक्चर काढताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आडवं टाकतात आणि वर उभं राहून टायर उतरवतात. डिस्क लॉक तसंच ठेवून गाडी पुढे घेतली जाते. ट्रान्सपोर्टने पाठवताना टेम्पोत डिस्कमधून दोरी ओढून बांधतात. पंक्चरवाल्याकडे गेलात तर चाक डिस्क वर करून, खाली जुना टायर घालून ठेवायला स्वतः सांगा, नाही म्हणत नाही कुणी.

आउट निघाला म्हणजे डिस्कच गेली असं नाही

इथे घाई करू नका. चाक काढा, डिस्कवर आणि हबवर एकमेकांसमोर मार्करने खूण करा आणि डिस्कचे बोल्ट सोडवा. त्यांना बऱ्याचदा लॉकटाइट (बोल्ट आपोआप सुटू नये म्हणून लावायचा डिंक) लावलेलं असतं, ॲलन-की नीट आतपर्यंत बसवून मगच जोर द्या, बोल्टचं डोकं गोल झालं तर काम वाढतं. डिस्क काढली की हबवर ज्या जागी ती टेकते ती जागा बघा. गंज, पावडर कोटिंगचा थर, जुन्या लॉकटाइटचे कण, यांतलं काहीही तिथे असेल तर डिस्क तिरकी बसते, आणि मधल्या भागात थोडासा तिरकेपणा बाहेरच्या कडेला कितीतरी मोठा होतो. पितळी ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने ती जागा चकचकीत करा, डिस्कची मागची बाजूही.

आता डिस्क बसवताना आधीच्या खुणेपासून एक भोक पुढे सरकवून बसवा, बोल्ट समोरासमोर असे थोडे थोडे करत कसा आणि परत आउट मोजा. आउट गेला असेल तर नुसती घाण होती. आउट तेवढाच आहे आणि उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर डिस्क वाकलीये. उंच जागा हबच्या जुन्याच ठिकाणी राहिली तर दोष हबमध्ये किंवा बेरिंगच्या बसण्यात आहे आणि नवी डिस्क टाकून काडीचा फरक पडणार नाही. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची टेस्ट हीच.

वाकलेली डिस्क हातोडीने सरळ करणं किंवा लेथवर एक कट मारून घेणं, दोन्ही करू नका. ही स्टीलची पातळ डिस्क आहे, लेथमध्ये धरतानाच ती दबते, कट मारल्यावर जाडी मर्यादेखाली जाते आणि पातळ डिस्क आणखी लवकर तापते. डिस्क वाकली असेल तर बदला, कंपनीची किंवा नावाजलेल्या ब्रँडची घ्या, आणि तिच्याबरोबर पॅडही नवे घ्या, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या आकाराने घासलेले असतात.

कॅलिपर

कॅलिपर मी शेवटी ठेवला असला तरी डिस्क बदला किंवा नका बदलू, हा उघडून बघायचाच. सरकणारा कॅलिपर डिस्कच्या बारीकशा डुगडुगीबरोबर आपोआप इकडे-तिकडे होत असतो, त्यामुळे ०.१ मिलिमीटरचा आउट असला तरी हाताला काही कळत नाही. पिना जाम झाल्या की तोच आउट लिव्हरमध्ये ठोके द्यायला लागतो. आणि पुढचा त्रास असा की ब्रेक सोडल्यावर पॅड मागे हटत नाही, डिस्कची जी बाजू उंच आहे तेवढीच प्रत्येक फेरीला पॅडला घासत राहते, काही हजार किलोमीटरमध्ये तिथली जाडी कमी होते आणि मग खरीखुरी थरथर सुरू होते. नवी डिस्क टाकूनही काही महिन्यांनी तक्रार परत का येते त्याचं उत्तर इथे आहे.

दोन बोल्ट काढून कॅलिपर बाजूला घ्या आणि दोरीने हँडलला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लटकू देऊ नका. या काळात लिव्हर अजिबात दाबायचा नाही. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. पिस्टनच्या बाजूचा पॅड दुसऱ्यापेक्षा बराच जास्त घासला असेल किंवा पॅड पाचरीसारखा एका टोकाला पातळ असेल तर पिना जाम. ब्रॅकेट हाताने सरकवून बघा, लोण्यासारखं सरकायला हवं. पिना ओढून काढा, बारीक घासणीने गंज काढा, फाटलेले रबरी बूट बदला कारण पावसाळ्यात चिखलपाणी तिथूनच आत जातं, आणि ग्रीस लावायचं ते रबराला चालणारं सिलिकॉनचं. बेरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना आधीपेक्षा घट्ट होतात.

पिस्टन मागे ढकलायच्या आधी टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने त्याची बाहेरची बाजू साफ करा, नाहीतर घाण सीलमध्ये शिरते. मग जुना पॅड मधे धरून हळूहळू दाबा. वर मास्टर सिलेंडरमधून (लिव्हरजवळची ब्रेक ऑइलची डबी) ऑइल उतू जात नाही ना बघा, रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातं ते. दोन पिस्टन असतील आणि एक सहज जातोय, दुसरा जातच नाही, तर सील किट टाकायला लागेल आणि ते काम सवय नसेल तर मेकॅनिककडे द्या. बाकी नुसतं ब्रेक ऑइल बदलून किंवा एअर काढून थरथर जाईल अशी आशा ठेवू नका, त्याने लिव्हर स्पंजी होतो ते बरं होतं, ठोके नाही.

सगळं परत बसवल्यावर गाडी स्टँडवरून काढायच्या आधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिले काही दाब पूर्ण फुकट जातात, आणि हे विसरून गाडी गेटबाहेर काढली तर समोर ब्रेकच नसतो.

ड्रम ब्रेक असेल तर

स्प्लेंडर, शाइन, ॲक्टिव्हाच्या ड्रमवाल्या मॉडेलमध्ये प्रकार सोपा आहे. धडधड चाकाच्या फेरीबरोबर येत असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही, लांबट झालाय. तारांच्या चाकात तारा एका बाजूला जास्त कसल्या की हब ओढला जाऊन हे होतं, त्यामुळे आधी आउट काढून तारांचा ताण सारखा करून घ्या. ड्रम लेथवर गोल करून मिळतो, पण आतला व्यास मर्यादेत राहायला हवा, तो आकडा ड्रमवर लिहिलेला असतो, १३० मिलिमीटरच्या ड्रमला बहुतेक १३१. ब्रेक लावताना करकर-थरथर येतेय पण लय नाही, तर लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा थर) चकाकलेत किंवा शू पसरवणारा कॅम सुकलाय. प्लेट उघडून ओल्या फडक्याने पूड पुसा, लायनर पॉलिश पेपरवर मारा, कॅमला आणि शू टेकतात त्या पिनेला ग्रीसचं नुसतं बोट लावा, जास्त लावलं तर तापून लायनरवर येतं. प्लेटला जो दांडा किंवा खाच शॉकअपमध्ये अडकते ती परत नीट अडकलीये याची खात्री करा, ती सुटली तर ब्रेक लावल्यावर अख्खी प्लेट फिरते.

आणि गाडी गॅरेजला द्यायचीच असेल तर ब्रेक व्हायब्रेट होतोय एवढंच सांगून चावी देऊ नका. किती स्पीडला होतं, लिव्हरमध्ये की हँडलमध्ये, लय चाकाबरोबर आहे की नाही, मागच्या ब्रेकला होतं का, आउट आणि जाडी मोजली असेल तर ते आकडे, हे सगळं कागदावर लिहून गाडीबरोबर द्या, आणि जुना पार्ट बदलला तर तो परत मागून घ्या.